बाईंचा दाब

बाईंच्या योगवर्गात दोन गोष्टींना मनाई होती. एक उशिरा येणं आणि दुसरी प्रश्न विचारणं. उशिरा येणाऱ्याला बाहेर बसून इतरांच्या चपला ओळीने लावाव्या लागत. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र शिक्षा काहीच नसे. बाई नुसत्या हसायच्या आणि म्हणायच्या, "प्रश्न म्हणजे अहंकाराचा खोकला. गिळ." ते हसू एकदा वाट्याला आलेला माणूस पुन्हा म्हणून खोकत नसे.

वर्ग भरायचा एका छापखान्याच्या माडीवर. सकाळी सहा ते साडेसात. खालची यंत्रं आठला सुरू व्हायची, म्हणून ही वेळ. सव्वीस वर्षं झाली, वेळ बदलली नाही, जागा बदलली नाही आणि शाईचा वास तर सतरंज्यांत इतका मुरला होता की जुन्या विद्यार्थ्यांना वर्तमानपत्र उघडलं की पाठ ताठ करावीशी वाटायची. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, पण उभ्या राहिल्या की चाळिशीतल्या बाईने लाजावं अशा. त्यांचा नवरा जन्मभर एका सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेला. बुटाची नाडी बांधण्याखेरीज त्यांना वाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. घरात एक वाकणारं माणूस पुरे, असं ते म्हणत.

प्रश्नाच्या खोकल्याचं ते वाक्य खरं तर बाईंचं नव्हतं. ते मोठ्या सरांचं. मोठे सर म्हणजे बाईंचे गुरू, वारून पंधरा वर्षं झाली होती. त्यांच्याकडून बाईंनी वाक्यं घेतली, चालणं घेतलं, रागाने गप्प बसणं घेतलं आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दाब घेतला. विद्यार्थी पुढे वाकून पाय धरू बघतोय आणि चार बोटं कमी पडताहेत, अशा वेळी मोठे सर मागून येत, त्याच्या पाठीवर गुडघा टेकवत आणि आपलं वजन सोडत. चार बोटं मिळून जात. माणूस रडला तर सर म्हणत, मोकळा झाला. बाई हीच रीत "हजारो वर्षांची परंपरा" म्हणून सांगायच्या. मोठे सर योगाकडे वळण्याआधी बारा वर्षं कवायत शिकवायचे आणि गुडघा तिथूनच आला होता, हे बाईंना चांगलं माहीत होतं. पण कवायतीपेक्षा परंपरा हा शब्द ऐकायला बरा वाटतो.

बाई तेविशीत असताना सरांनी त्यांनाही असंच दाबलं होतं. मानेत काहीतरी कडकन वाजलं आणि तेव्हापासून बाईंची मान डावीकडे अर्धीच वळायची. डावीकडे बघायचं तर त्या अख्ख्या वळत. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट ऐकवली जायची. "सरांनी एका दाबात माझा अहंकार मोडला," असं बाई अभिमानाने सांगायच्या आणि मंडळी भारावून आपापली मान चाचपायची.

या वर्गात एक शिवणकाम करणारी होती. सगळे तिला टाचणी म्हणत. अंगाने तशीच होती, शिवाय तिच्या कॉलरला नेहमी दोनचार टाचण्या खोचलेल्या असायच्या आणि वर्गात शिरताना त्या काढून ती काडेपेटीत ठेवायची. वय चव्वेचाळीस. एकटी राहायची. रस्त्यालगतच्या एका खोलीत पुढे मशीन, मागे पलंग. पडदे, शाळेचे गणवेश, कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट सैल कर, हे तिचं काम. मशीनवर वाकून वाकून खांदे धरले म्हणून ती वर्गात आली आणि चार वर्षांत एकदाही उशिरा आली नाही. प्रश्नाचं तर नावच नको. बाईंची ती लाडकी होती. का लाडकी होती हे बाईंनी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. ती कधीच नाही म्हणायची नाही.

वर्गात आणखी एक शिस्त होती, स्वाध्यायाची. प्रत्येकाने एक वही ठेवायची, रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवशी आपल्यात काय दिसलं ते लिहायचं आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी वही बाईंपुढे ठेवायची. बाई लाल शाईने शेरे मारत. स्वाध्याय म्हणजे स्वतःचा अभ्यास, हे त्या प्रत्येक तुकडीला लिहून देत. दर महिन्याला चाळीस जणांचा स्वतःचा अभ्यास त्या वाचायच्या. स्वतःची वही मात्र त्यांच्याकडे नव्हती. कोण तपासणार, हाही प्रश्न होताच म्हणा.

मग तो दिवस आला. दुसऱ्या गावच्या एका केंद्रातून सहा शिकाऊ शिक्षक बाईंचा दाब बघायला आले होते. वह्या-पेन घेऊन भिंतीशी बसले होते. बाईंच्या अंगात उत्साह संचारला होता. "टाचणी, पुढे ये," त्या म्हणाल्या. टाचणी पुढे आली, पाय पसरून बसली, वाकली. तिची बोटं पायाला पोचत होती, म्हणजे दाबायची काही गरजच नव्हती. पण मग पाहुण्यांना दाखवायचं काय? बाईंनी तिला आणखी पुढे हात न्यायला सांगितलं, मागे गेल्या आणि पाठीवर गुडघा टेकवून वजन सोडलं. एक, दोन, तीन मोजले. पाहुण्यांकडे बघून चौथा मोजला. तेव्हा टाचणीच्या तोंडून अगदी बारीक आवाज आला आणि मग ती म्हणाली, "ठीक आहे, बाई."

तिला उठता आलं नाही. पाहुणे पेनं बंद करून अदबीने निघून गेले. बाईंनी टॅक्सी केली आणि दोघी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, बाहेर रांग होती, तिला घाई होती.

"कसं झालं?" तिने विचारलं.

बाईंनी श्वास घेतला. तेवढ्यात टाचणी म्हणाली, "जिन्यावरून घसरले. बुडावरच आपटले."

बाई तिथेच उभ्या होत्या. दोन हातांवर. त्यांनी तोंड उघडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी जरा चाचपून मुका मार आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आठवड्यानं चालायला लागा म्हणाल्या. बाहेर आल्यावर टाचणी भिंत धरून पुटपुटली, "उगाच तुमचं नाव कशाला मध्ये."

आणि बाई म्हणाल्या, "बरं केलंस."

हे दोन शब्द पुढे बाईंना फार छळणार होते. पण त्या वेळी खरं सांगायचं तर त्यांना फक्त हायसं वाटलं. घरी जाऊन त्यांनी कपभर चहा जास्त घेतला.

आठवडा गेला, महिना गेला. टाचणी वर्गाला आली नाही. बाईंनी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांबरोबर तिला फळं पाठवली. स्वतः गेल्या नाहीत. उद्या जाऊ, परवा जाऊ. रस्ता तोच होता, पण त्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून बाई पलीकडच्या गल्लीने वळसा घालून भाजी आणायला लागल्या. वर्गात कुजबुज होऊ नये म्हणून एक दिवस त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "तिने शेवटच्या क्षणी अंग आखडलं. शरीर सोडता आलं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात तो वर्ग पटाईत होता.

दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काकांनी पिशवीतून एक वही काढून बाईंपुढे ठेवली. "टाचणीने पाठवलीय. म्हणाली, येता येत नाही म्हणून वही चुकायला नको."

दुपारी जेवण झाल्यावर बाई लाल पेन घेऊन बसल्या. वही उघडली. सुईच्या टाक्यांसारखं बारीक, सरळ अक्षर.

"आज सदतिसावा दिवस. अजून बसता येत नाही. उभ्याने हातशिलाई करते, मशीनवर कापड टाकून ठेवलंय. मी शेवटच्या क्षणी अंग आखडलं आणि माझ्यामुळे बाईंना पाहुण्यांपुढे कमीपणा आला. अजून मी कुठे सोडायचं राहिलंय ते शोधते आहे, सापडत नाही."

खाली तिने नेहमीप्रमाणे दोन ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. शेऱ्यासाठी.

बाईंचं पेन काही त्या ओळींवर टेकेना. वेळ काढायला म्हणून त्यांनी मागची पानं चाळली आणि तिथे त्यांना स्वतःचं अक्षर भेटलं.

पडण्याआधी, म्हणजे दाबण्याआधी, दोन महिने टाचणीने लिहिलं होतं, "पुढे वाकताना उजव्या मांडीच्या मागे अगदी वर कळ आली. बाईंना सांगावंसं वाटलं. मग कळलं की हे वाटणं म्हणजेच अहंकार. गप्प राहिले." त्याखाली लाल शाईत होतं, "उत्तम! हाच खरा स्वाध्याय."

पुढच्या पानावर, "कळ रोज येते. मशीनवर बसताना उशी घेते. बाईंनी दाबलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं असावं." आणि लाल शाईत, "असावं नाही. आहे."

त्याच्याही पुढे, "आज मनात आलं की नको म्हणावं." लाल शाईत, "नको म्हणणारी ही कोण, तिचा शोध घे."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्यांनी वही मिटून पदराखाली लपवल्यासारखी छातीशी धरली. तिने सांगितलं होतं. तारीखवार सांगितलं होतं. ज्या एका जागी बोलायची परवानगी होती तिथे बोलली होती बिचारी, आणि आपण तिला गप्प राहिल्याबद्दल शाबासकी दिली होती. लाल शाईत. उद्गारचिन्ह घालून.

शेजारच्या खोलीत नवरा शब्दकोडं सोडवत होता. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मी लोकांना दुखवते का हो?"

"मला काय विचारतेस?" वर न बघता ते म्हणाले. "मी या घरात प्रश्नोत्तरं बंद केल्याला तीस वर्षं झाली."

"चेष्टा नको. खरं सांगा."

त्यांनी चष्मा काढला. बायकोचा चेहरा पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. बाईंनी त्यांना ती तीन पानं वाचून दाखवली. सदतिसावा दिवसही वाचला. दवाखान्यात काय झालं तेही सांगितलं, "बरं केलंस" सकट. हे शब्द सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की नवऱ्याला कान पुढे करावा लागला.

"म्हणजे तिला दुखतंय हे तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"वाचलं होतं."

"मग?"

"मग शेरा मारला."

बाईच पुढे बोलायला लागल्या, "सरांनी मला दाबलं ना, त्या वेळी मला काही मोकळं-बिकळं वाटलं नव्हतं हो. भीती वाटली होती. लघवी होईल इतकी भीती. आठ दिवस मी भिंतीला टेकून झोपले. अहंकार मोडला वगैरे मी नंतर सांगायला लागले. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं."

"मला ते आठ दिवस आठवताहेत," नवरा म्हणाला. "मी म्हटलं होतं, परत जाऊ नकोस. तू मला म्हणालीस, तुम्हाला कळणार नाही."

बाई ज्याला आयुष्यभर परंपरा म्हणत आल्या, ते एका भ्यालेल्या पोरीने आपल्या भीतीला दिलेलं चांगलं नाव होतं. हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुपारी तीन वाजता, कळलं. पहिल्या धड्यात त्या अहिंसा शिकवायच्या. प्रत्येक तुकडीला. मुळाक्षरांसारखी घोकून घ्यायच्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना आता कुठे समजत होतं. पण नुसतं मेल्यासारखं होऊन टाचणीला बसता येणार नव्हतं. बाईंनी चपला घातल्या आणि वळसा न घालता सरळ रस्त्याने गेल्या.

टाचणी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून पडद्याला हाताने टीप घालत होती. उजवा पाय जरा वाकवलेला, सगळा भार डाव्यावर. मशीनवर चादर अंथरली होती. बाईंना पाहून ती इतकी गडबडली की सुई बोटात गेली.

"बाई! तुम्ही कशाला आलात? मीच येणार होते. बसा ना, बसा." खोलीत एकच खुर्ची होती आणि ती कितीतरी दिवसांत कोणी वापरलेली दिसत नव्हती. तिच्यावर गणवेशांचा ढीग होता.

"मी बसत नाही. तू उभी असताना तर नाहीच." बाई जे बोलायचं ठरवून आल्या होत्या ते सगळं विसरल्या. "टाचणी, चूक माझी आहे. मी तुला दाबायला नको होतं. गरज नव्हती. पाहुण्यांना दाखवायचं होतं मला."

"नाही हो बाई, असं काय बोलता! मीच अंग आखडलं."

"कोणी सांगितलं तुला?"

टाचणी गोंधळली. "काका म्हणाले ना. तुम्हीच वर्गात सांगितलंत म्हणून." मग घाईघाईने म्हणाली, "बरोबरच होतं ते. मी आठवून पाहिलं. आखडलं असणारच."

धरणीने पोटात घ्यावं असं बाईंना वाटलं. "ते मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तू आखडलं नव्हतंस. माझ्या गुडघ्याखाली होतीस तू, मला माहीत आहे. आखडली असतीस तर बरं झालं असतं."

टाचणी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून बाई वाट बघत होत्या. राग आला असता तर बाईंना तो प्रसादासारखा वाटला असता. पण तिच्या डोळ्यांत कौतुक जमा झालं.

"किती मोठेपणा आहे तुमचा," टाचणी म्हणाली. "आमची चूकसुद्धा स्वतःवर घेता. हे मी वहीत लिहीन."

बाईंनी टेबलाची कड धरली. आता यापुढे शब्दांनी काही होणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. हीच तर त्यांची शिकवण होती आणि ती अगदी घट्ट बसली होती. त्या म्हणाल्या, "चल. दवाखान्यात जाऊ. आत्ता."

टाचणी लगेच निघाली. का, कशाला, काही विचारलं नाही. टॅक्सीत बसता येईना म्हणून दोघी हळूहळू चालत गेल्या आणि दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

डॉक्टरीण तीच होती. बाईंनी दार लोटताच उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "ही जिन्यावरून पडलेली नाही. मी योग शिकवते. ही पुढे वाकलेली असताना मी हिच्या पाठीवर गुडघा ठेवून पूर्ण वजन टाकलं. त्याआधी दोन महिने हिला उजव्या मांडीच्या मागे कळ येत होती. तेही मला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "मागच्या वेळी सोबत तुम्हीच होतात ना?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललात? आपटल्याचा मार वेगळा आणि ओढल्याची इजा वेगळी. स्नायू हाडापासून सुटला असेल तर पहिले दिवस फार मोलाचे असतात. मी हिला चालायला सांगितलं होतं!"

"माझं नाव खराब होईल म्हणून नाही बोलले," बाई म्हणाल्या.

"बाई, काहीतरीच काय!" टाचणी मध्ये पडली. "डॉक्टर, तुम्ही त्यांचं ऐकू नका. त्यांचा स्वभावच तसा आहे. आणि आता मला पुष्कळ बरं आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग टाचणीला पलंगावर पालथं झोपवलं आणि मांडीच्या मागे, अगदी वर, दोन बोटं टेकवून दाबलं.

"इथे दुखतं?"

टाचणीने उशीवरून मान उचलली आणि बाईंकडे पाहिलं.

"सांगा ना. दुखतं का?"

टाचणी अजून बाईंकडेच बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता, पलंगाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती आणि ओठांवर हसू होतं. "तसं काही..." ती म्हणाली आणि पुन्हा बाईंच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायला लागली. पायाला काय वाटतंय हे त्या पायालासुद्धा बाईंना विचारल्याशिवाय ठरवता येत नव्हतं. हे चार वर्षांचं काम होतं आणि बाईंनी ते फार मन लावून केलं होतं.

बाईंना 'बोल, दुखतं म्हण' असं सांगावंसं वाटलं. पण तिने तेही आज्ञा म्हणूनच पाळलं असतं. त्या वळल्या, बाहेर गेल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बाकावर खोकणारा एक म्हातारा सरकून बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. दाराआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आता त्या नाहीत इथे. दुखतंय का?"

"थोडंसं," टाचणी म्हणाली.

"आणि इथे?"

"हो. दुखतं."

"आणि असं केलं की?"

"दुखतंय. खूप दुखतंय," आतून टाचणीचा आवाज चढला. इतका मोठा आवाज बाईंनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "नको. हात काढा. नको म्हणते ना, नको, नको!"

शेजारचा म्हातारा दचकून दाराकडे बघायला लागला. "तुमचं माणूस आहे का आत?" त्याने विचारलं.

बाईंना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.